कर नाही त्याला डर कशाला? साध्या माणसाला प्रायव्हसी कशाला हवी, त्याबद्दल थोडं

गेल्या महिन्यात भाडेकराराच्या कामासाठी आधारची कॉपी हवी होती म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. फाईल मोबाईलमध्ये होती. दुकानातला मुलगा म्हणाला, ताई या नंबरवर व्हॉट्सॲप करा. केली. त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडंच होतं आणि स्क्रीन नेमकी गिऱ्हाइकाकडे वळलेली, त्यामुळे जे दिसू नये ते सगळं दिसलं. माझ्या फाईलच्या वर कुणाचं तरी पॅनकार्ड, त्याच्या वर एका मुलीचा जातीचा दाखला, त्याच्या वर हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, मग कुणाचं तरी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. त्याने डाऊनलोडचा फोल्डर उघडला तर तो खाली खाली जातच राहिला. मुलगा काही वाईट नव्हता, त्याला पटपट प्रिंट मारायच्या होत्या, मागे पाच माणसं उभी होती, आणि त्यातलं काहीच त्याने चोरलेलं नव्हतं, आपण सगळ्यांनी स्वतःच्या हाताने पाठवलेलं होतं.

मी प्रिंट घेतली आणि म्हटलं, आता ती फाईल डिलीट करशील का. त्याने केली. शेजारी उभे असलेले काका म्हणाले, "अहो कशाला एवढं, आपल्यासारख्यांच्या आधारकार्डाचं कोण काय करणार? कर नाही त्याला डर कशाला!"

काका मनापासून बोलत होते, आणि हे मी खूप ठिकाणी ऐकलंय, घरीसुद्धा. म्हणून जरा सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण ही म्हण चांगली असली तरी इथे ती चुकीच्या जागी वापरली जाते असं माझं ठाम मत आहे.

आधी शब्दाचाच घोळ बघू. प्रायव्हसीला आपण मराठीत गोपनीयता म्हणतो आणि गोपनीय म्हटलं की डोळ्यापुढे येते लाल फितीतली सरकारी फाईल, म्हणजे काहीतरी लपवाछपवी. त्यापेक्षा खासगीपणा हा शब्द मला जवळचा वाटतो. आणि त्याचा अर्थ आपल्याला शिकवायला लागतच नाही, तो आपल्या वागण्यात आहे. दिवस गेलेत हे तीन महिने होईपर्यंत घराबाहेर सांगायचं नाही. मुलीचं स्थळ ठरत आलंय पण सुपारी फुटेपर्यंत वाच्यता नको. पगार किती हे साडूला सांगायचं नाही, शेताचा वाद मिटत आलाय तो भावकीत बोलायचा नाही. यात गुन्हा कुठला आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची असं म्हणणारी माणसं आपण. डॉक्टरला जे सांगतो ते ऑफिसात सांगत नाही, बायकोला जे सांगतो ते आईला सांगत नाही. कुठली गोष्ट, कुणाला, कशासाठी आणि कधी सांगायची हे माझं मी ठरवणार, एवढंच प्रायव्हसीचं म्हणणं आहे.

यावर दुसरा मुद्दा लगेच येतो, की आम्ही चाळीत वाढलो, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, दार दिवसभर उघडं, शेजारच्या घरात काय शिजलं ते वासावरून कळायचं, आम्हाला कसली आलीय प्रायव्हसी, हे सगळं आत्ताचं फॅड. खरंय, चाळीत सगळ्यांना सगळं माहीत असायचं. पण नीट आठवून बघा. शेजारच्या काकूंना आपलं माहीत होतं तसं आपल्यालाही त्यांचं माहीत होतं, त्यामुळे दोन्हीकडून एक लाज असायची, मर्यादा असायची. तुमच्या घरातलं भांडण ऐकलेला माणूसच सकाळी दुधाची पिशवी आत आणून ठेवायचा. आणि लोक विसरायचे. दहा वर्षांपूर्वी तुमच्या दारात कोण वसुलीला आला होता ते कुणी तारीखवार लिहून ठेवत नव्हतं. आत्ता जे आपल्याबद्दल जमा होतंय ते एकतर्फी आहे, माहिती जमवणारा तुम्हाला ओळखतो, तुम्ही त्याला ओळखत नाही, तो कुठे बसलाय तेही माहीत नाही आणि तो काहीच विसरत नाही.

आता हे जमा होतं म्हणजे नक्की कसं, ते माझ्या आत्याच्या उदाहरणाने सांगते. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता रिटायर आहे, एकटी राहते. पेन्शनवाल्यांना दर वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला लागतो हे बऱ्याच जणांना माहीत असेल. तर बरोबर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला फोन आला. समोरचा माणूस शुद्ध मराठीत, नमस्कार मॅडम, तुमचं पेन्शन अमुक बँकेत जमा होतं ना, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून तुम्हाला बँकेत यायला लागू नये, मी घरबसल्या दाखला करून देतो, फक्त एक ओटीपी येईल तो सांगा. आत्याला वाटलं बँकेतलाच माणूस, नाहीतर याला गुडघ्याचं कसं माहीत? ती आकडे वाचायला लागली होती, तेवढ्यात धुणं-भांडी करणाऱ्या मावशी आल्या आणि त्यांनी ऐकून फोन हातातून काढून घेतला. थोडक्यात वाचली.

नंतर आम्ही बसून विचार केला, की त्याला हे कळलं कुठून असेल. एकाच ठिकाणाहून कळायची गरजच नाही. सोनोग्राफी-एमआरआयच्या सेंटरवर तिने नंबर दिलेला, तिथे कळलं गुडघा. मेडिकलच्या दुकानात दहा टक्के डिस्काउंटसाठी नंबर दिलेला, तिथे कळली औषधं. कुरियरवाल्याकडे पत्ता, सोसायटीच्या गेटवरच्या वहीत नाव आणि फ्लॅट, पेन्शनर लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेली यादी. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कुणाच्या काही कामाची नाही, काका म्हणतात तसं कोण काय करणार. पण गजरा कसा करतात, फुलं सुटी असतात आणि दोऱ्यात ओवली की गजरा होतो, तसा इथे दोरा म्हणजे तुमचा मोबाईल नंबर. प्रत्येक यादीत तोच दहा आकडी नंबर आहे. यादी यादीला जोडली की तयार होते एक बाई, वय सत्तर, एकटी राहते, पेन्शन अमुक बँकेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, नोव्हेंबरमध्ये दाखला द्यायचाय. अशा याद्या विकल्या जातात. आणि मग ठग तिला फसवतो ते ती लोभी आहे किंवा अडाणी आहे म्हणून नाही, त्याला तिची खरी माहिती आहे म्हणून. परक्या माणसाला आपलं इतकं खरं माहीत कसं असेल, या विश्वासावरच ती फसते. "डिजिटल अरेस्ट"चे, म्हणजे पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर अटकेचा धाक दाखवून पैसे उकळायचे, जे प्रकार झाले, ज्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये सुद्धा सावध केलं, त्यातही माणसाला धाकात ठेवायला त्याची खरी माहितीच वापरली जाते. (डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच, हे घरातल्या मोठ्यांना पुन्हा पुन्हा सांगा.)

आत्याने कर केला होता का? नाही. मग डर का होता?

ही म्हण कशी उलटते ते बघायचं तर आपल्या कोर्टाच्या इतिहासात एक माणूस आहे, खरक सिंग. उत्तर प्रदेशातला. १९४१ मध्ये एका दरोड्याच्या केसमध्ये त्याला पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. म्हणजे कायद्याच्या भाषेत कर नाही. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट, म्हणजे नजर ठेवायच्या गुन्हेगारांची असते तशी फाईल, उघडली. मग काय, रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई येऊन दार वाजवायचे, हाका मारून उठवायचे, खात्री करायची की हा घरात आहे, दुसऱ्या गावाला जायचं तर आधी सांगून जायचं. घरातल्यांची झोप, शेजाऱ्यांची नजर, मुलाबाळांना शाळेत काय ऐकायला लागत असेल, हे आपण कल्पनेनेच समजायचं. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६२ च्या डिसेंबरमध्ये निकाल आला, सहा न्यायाधीश होते. रात्री घरात येणं बेकायदा ठरलं, पण बहुमताने म्हटलं की खासगीपणा हा काही राज्यघटनेने दिलेला हक्क नाही, त्यामुळे त्याच्या येण्याजाण्यावर नजर ठेवली तर हरकत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव वेगळं म्हणाले, की नजरेखाली फिरणाऱ्या माणसाला मोकळा कसं म्हणायचं. ते अल्पमतात राहिले.

हे दुरुस्त व्हायला जवळजवळ ५५ वर्षं लागली. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारच्या विरोधात याचिका केली, तेव्हा त्यांचं वय होतं ८६. सुनावणीत सरकारने जुन्या निकालांचा आधार घेऊन सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्कच नाही, म्हणून मग नऊ न्यायाधीशांचं खंडपीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ जणांनी एकमताने सांगितलं की आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये जो जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आहे त्यातच तो आहे. या खंडपीठावर नागपूरचे शरद बोबडे होते आणि मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड, म्हणजे दोन मराठी माणसं. चंद्रचूडांनी याच निकालात आणीबाणीतला १९७६ चा हेबिअस कॉर्पसचा निकाल (आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही असं सांगणारा) चुकीचा ठरवला, आणि तो निकाल देणाऱ्यांत त्यांचे स्वतःचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मला हे वाचताना दर वेळी थांबायला होतं.

पण मुद्दा त्या निकालातल्या दुसऱ्या गोष्टीचा आहे. सरकारकडून युक्तिवाद झाला होता की प्रायव्हसी ही खाऊनपिऊन सुखी लोकांची चैन आहे, गरिबाला आधी अन्न हवं. कोर्टाने हे साफ नाकारलं. आणि ते बरोबरच आहे, कारण खरक सिंग काही बंगल्यात राहणारा नव्हता. आपल्या महाराष्ट्रातलंच बघा. १९६५ मध्ये एक पोलीस इन्स्पेक्टर रात्री एका बाईच्या झोपडीत शिरायला गेला, तिने विरोध केला, आरडाओरडा झाला, खात्याच्या चौकशीत त्याची नोकरी गेली. प्रकरण वर गेलं तेव्हा हायकोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली, म्हणे ही बाई चांगल्या चालीची नाही, तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं आणि सांगितलं की बाई कशीही असो, तिलाही तिचा खासगीपणा आहे, वाटेल त्याने वाटेल तेव्हा तिच्या घरात शिरायचं नाही. झोपडीचं दार असतं गोणपाटाचं नाहीतर पत्र्याचं, ज्याचं दार भक्कम आहे त्याला कायद्याची गरज कमी लागते. पैसेवाला माणूस दोन नंबर ठेवतो, ड्रायव्हरला पाठवतो, वकील करतो. रेशनसाठी, पेन्शनसाठी, पोराच्या स्कॉलरशिपसाठी कागद देत फिरतो तो साधा माणूस.

आत्याचा फोन ज्यांनी काढून घेतला त्या मावशींचंच घ्या. बऱ्याच सोसायट्यांमध्ये आता गेटला ॲप आहे. मावशी गेटवर आल्या की कोड टाकायचा, फोटो निघतो, किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, कुठल्या कुठल्या घरी काम करतात ते सगळ्या फ्लॅटवाल्यांना मोबाईलवर दिसतं, वर त्यांना स्टार पण देता येतात. एका घरात आजारपणामुळे त्यांचे खाडे झाले तर ते दुसऱ्या घराला काम देण्याआधीच माहीत. मावशींना मात्र बघता येत नाही की कुठल्या घराने किती बायका सोडल्या, कोण पगार वेळेवर देत नाही, कुणाकडे म्हातारे आजोबा नीट वागत नाहीत. मी आमच्या मीटिंगमध्ये हे बोलले तर सगळे म्हणाले, अगं सेफ्टीसाठी आहे. असेल, गेटवर कोण आलं हे कळणं मलाही हवंय. पण सेफ्टीसाठी नाव आणि वेळ पुरते, स्टार कशाला? जेवढ्या कामासाठी माहिती घेतली तेवढ्याच कामासाठी ती वापरायची, या एका साध्या नियमावर प्रायव्हसीचा अख्खा कायदा उभा आहे आणि आपण तोच पहिला मोडतो.

लोन ॲपचं तर सगळ्यांनी बघितलंय. पाच हजार रुपये हवे असायचे, ॲप टाकताना ते कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायची परवानगी मागायचं, अडलेला माणूस सगळीकडे अलाऊ करत जायचा, आणि हप्ता चुकला की त्याच्या बॉसला, सासऱ्याला, पोराच्या शाळेच्या बाईंना फोन, फोटोत फेरफार करून मेसेज. लोकांनी जीव दिलेत यात. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपने मोबाईलमधले कॉन्टॅक्ट, फोटो-फाईल, कॉल लॉग बघायचे नाहीत, केवायसीपुरता कॅमेरा वगैरे एकदाच, तेही विचारून. तरी बेकायदा ॲप येतच राहतात. आणि इथे अजून एक गोष्ट लक्षात घ्या, की तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट ही एकट्या तुमची नसते, त्यात माझा नंबर आहे आणि मला कुणीच विचारलं नव्हतं. म्हणून "मला काय फरक पडतो" हे वाक्य इथे चालत नाही, फरक दुसऱ्यालाही पडतो.

अंगठ्याचं वेगळं सांगायला हवं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. काही राज्यांत असं झालंय की जमिनीच्या खरेदीखताच्या ऑनलाईन कागदांवरून अंगठ्याचे ठसे उचलले, सिलिकॉनचे खोटे अंगठे बनवले आणि आधारवरून पैसे काढायच्या मशीनवर ते वापरून लोकांची खाती रिकामी केली. ना ओटीपी, ना फोन. यावर उपाय सोपा आहे, आधारच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवायचं. रेशन दुकानात अंगठा लावायचा असेल त्या दिवशी उघडायचं, परत बंद करायचं. त्रासाचं आहे, पण कडी लावण्याइतकंच.

कायदा आता आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात लिहिलंय की कंपनीने तुमची माहिती घेताना साध्या भाषेत सांगायचं कशासाठी घेतोय, तुम्ही दिलेली संमती काढून घेऊ शकता, चूक दुरुस्त करून मागू शकता, काम संपलं की पुसायला लावू शकता, आणि कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. ऐकायला छान आहे. पण सरकारने स्वतःच्या खात्यांना त्यात मोठी सूट ठेवलीय, आणि जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते ती म्हणजे याच कायद्याने माहिती अधिकाराचं एक कलम बदललं. आधी असं होतं की माहिती वैयक्तिक असली तरी लोकहित मोठं असेल तर अधिकाऱ्याने ती द्यायची. आता त्या कलमात नुसतं वैयक्तिक माहिती एवढंच उरलंय. लोकहिताचं दुसरं एक कलम कायद्यात आहे, पण टेबलापलीकडच्या माणसाला नाही म्हणायला हे एवढंच पुरतं. महाराष्ट्राने अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर देशाच्या २००५ च्या कायद्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, त्या महाराष्ट्रातल्या माणसाला तरी हे कळायला हवं. सरपंचाने रस्त्याचं बिल कुणाला दिलं हे त्याचं खासगी नाही, ते गावाचं आहे. सरपंचाच्या बायकोला कुठला आजार आहे ते मात्र खासगी आहे. ज्याच्या हातात सत्ता त्याचा कारभार उघडा आणि साध्या माणसाचं घर झाकलेलं, असं हवं, आणि आपल्याकडे गाडी नेमकी उलटी चाललीय.

मग करायचं काय? जंगलात जाऊन राहायची गरज नाही, मीही व्हॉट्सॲप वापरते, यूपीआयने भाजी घेते. पण जिथे नाही म्हणता येतं तिथे म्हणायला लागले. मॉलमध्ये बिलासाठी नंबर मागतात, २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने स्पष्ट सांगितलंय की नंबरसाठी अडून बसता येणार नाही, तर मी "नंबर नाही देत" एवढंच म्हणते, पहिल्यांदा ओशाळायला झालं, आता काही वाटत नाही. टॉर्चच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले तर ते ॲपच काढून टाकते. झेरॉक्सवर आडवं लिहिते, फक्त भाडेकरारासाठी, खाली तारीख आणि सही. सरकारच्या संचार साथी साईटवर बघितलं की आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत, भावाच्या नावावर एक निघालं जे त्याने कधी घेतलंच नव्हतं, ते तिथेच तक्रार करून बंद केलं. आणि पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर फोन, जितक्या लवकर तितकं चांगलं, लाजून दोन दिवस घालवू नका.

आधारच्या वेबसाईटवर डाऊनलोड करताना मास्क्ड आधारचा पर्याय येतो, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्याच बेंगळुरू ऑफिसने लोकांना सांगितलं होतं की कुठेही साधी झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड द्या, आणि गोंधळ होईल म्हणून दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. पत्रक गेलं तरी सोय आहे. दिवाळीला आत्याकडे गेले तेव्हा तिचं मास्क्ड आधार काढून चार प्रिंट आणल्या. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, अगं याच्यावर नंबर कुठंय, फुल्या फुल्याच आहेत, हे चालेल का? म्हटलं, चालतं, आणि कुणी नाही म्हणालं तर विचार का नाही चालत, आणि कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखवा म्हण. शाळेत तीस वर्षं पोरांना का विचारायला शिकवणारी बाई ती. तिने प्रिंट घडी करून पेन्शनच्या पासबुकात ठेवल्या आणि मावशींना हाक मारली, अगं तुझंही आधार आण गं उद्या, ही आहे तोवर तुझंही करून घेऊ.